हॉलमध्ये १४ सीओबी (सीलिंगमध्ये बसणारे छोटे एलईडी फोकस) लावायचे म्हणतोय कंत्राटदार, खरंच एवढे लागतात का?

अर्धाकप_चहा

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण पुढच्या सोमवारपासून वायरिंग फोडायला माणसं येतायत.

सिंहगड रोडला टू बीएचके घेतलाय, रिसेलचा, इमारत साधारण पंधरा वर्षांची. हॉल १० बाय १६ आहे, एका टोकाला बाल्कनी (पश्चिमेची, त्यामुळे संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत भरपूर ऊन) आणि दुसऱ्या टोकाला डायनिंग टेबल बसेल एवढी जागा, तिथूनच किचनचं दार. आम्ही चौघं, मी, नवरा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई, वय ७१, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दुसऱ्याचं व्हायचंय.

इंटिरियरवाल्याने जे ड्रॉइंग दिलंय त्यात हॉलला पूर्ण फॉल्स सीलिंग, त्यात १२ वॅटचे १४ सीओबी चौकोनी ओळीत, कडेने कोव्हमध्ये (सीलिंगच्या कडेच्या खोबणीत) एलईडी स्ट्रिप, टीव्हीच्या भिंतीवर प्रोफाइल लाइटच्या तीन उभ्या रेघा आणि डायनिंगवर झुंबर. सगळं वॉर्म व्हाइट. मी विचारलं एवढे कशाला तर म्हणाला मॅडम हॉल उठून दिसायला पाहिजे. नवऱ्याला हॉटेलसारखं दिसलं पाहिजे असं वाटतंय, सासूबाई म्हणतात मला एक ट्यूब द्या बाकी तुमचं काय ते करा, त्या पिवळ्या उजेडात मला पोथीतली अक्षरं दिसत नाहीत. आणि मला स्वतःला फक्त रात्री सोफ्यावर पाय पसरून वाचता आलं पाहिजे एवढंच हवंय. मुलगी डायनिंग टेबलवरच अभ्यास करते, तिची स्वतःची खोली असली तरी ती तिथेच बसणार हे मला माहितीये.

कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा ना, किती लाइट, कुठे, पांढरे की पिवळे, आणि नंतर पश्चात्ताप झाला असं काही असेल तर ते आधी सांगा.

पाल_चुकचुकली

पश्चात्ताप विचारलात म्हणून सांगतो. कोव्ह. दिवाळीला एकदा शिडी घेऊन चढतो तेव्हा आतून किलोभर धूळ, मेलेले किडे आणि पालीची अंडी निघतात. पहिले सहा महिने पाहुणे आले की लावायचो, आता बायकोसुद्धा लावत नाही. बाकी मोठी माणसं सांगतीलच.

तारेवरची_कसरत

ताई, मी गेली २२ वर्षं वायरिंगची कामं करतोय, आधी हाताखाली, आता स्वतःची, तर थोडं लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

पहिला हिशोब करू. तुमचा हॉल १६० चौरस फूट, म्हणजे जवळपास १५ चौरस मीटर. १२ वॅटचे १४ म्हणजे १६८ वॅट, आणि वॅटला ९० लुमेन (दिव्यातून निघणारा उजेड) धरले तरी पंधरा हजार लुमेन होतात. त्यातला अर्धा उजेड भिंती, पडदे, फर्निचरने खाल्ला असं समजू, तरी तुमच्या सोफ्यावर ५०० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) पडणार. एवढा उजेड ऑफिसात ठेवतात! घरच्या हॉलला बसायला-बोलायला १०० ते १५० लक्स पुष्कळ झाला, वाचायच्या जागी तेवढ्या पट्ट्यात ३०० च्या वर पाहिजे. म्हणजे सगळ्या हॉलला मिळून चार-साडेचार हजार लुमेन बास, आणि ज्याला वाचायचंय त्याच्या खुर्चीपाशी वेगळा दिवा. जुन्या हिशोबाने सांगायचं तर ६० वॅटचा गोल बल्ब साधारण ७००-८०० लुमेनचा असायचा, म्हणजे तुमचा कंत्राटदार हॉलमध्ये तसले वीस बल्ब टांगतोय. चाळीत आम्ही अख्खं कुटुंब एकावर काढलंय.

आता १४ च का, तर बऱ्याच ठिकाणी मजुरी पॉइंटवर असते आणि ड्रॉइंगमध्ये ठिपके ओळीत छान दिसतात. सगळे तसे असतात असं नाही म्हणत, पण तुम्ही त्याला प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून विचारा की याच्याखाली कोण बसणार आहे आणि काय करणार आहे. उत्तर नाही आलं की तो ठिपका खोडायचा. माझ्या अंदाजाने ७ वॅटचे सहा राहतील.

दुसरं, पंखा. हे कुणी सांगत नाही आणि मग मला फोन येतात. सीओबी पंख्याच्या पात्याच्या वर आला की पातं फिरताना उजेड कापला जातो आणि खाली सगळं लुकलुकायला लागतं, पाच मिनिटांत डोकं दुखतं. पंखा ४८ इंची धरला तर पातं मध्यापासून दोन फूट येतं, म्हणून सीओबी मध्यापासून कमीत कमी तीन फूट लांब ठेवा, आणि चपटा पॅनल लाइट असेल, ज्याचा उजेड चहूकडे पसरतो, तर चार फूट. तुमचा हॉल १० फूट रुंद, तेव्हा पंख्याच्या बाजूला जागा कमीच, तिथले दोन-तीन ठिपके आपोआप उडतात बघा.

तिसरं, उंची मोजा. स्लॅब साडेनऊ फुटावर असेल आणि सीलिंग सहा इंच खाली आलं तर पंख्याचा रॉड वगैरे जाऊन पातं जेमतेम आठ फुटावर येतं. जुन्या इमारतीत मध्ये बीम पण असतो. पूर्ण सीलिंग करायच्या ऐवजी फक्त कडेने दीड-दोन फुटाची पट्टी करा, लाइट त्यात जातात, मधला स्लॅब तसाच राहतो, पंखा आहे त्याच हुकावर. खर्चही निम्म्यावर येतो.

वायर म्हणाल तर लाइटला दीड स्क्वेअर एमएम, पॉवर प्लगला अडीच, एसी-गिझरला चार, आणि पंधरा वर्षांची जुनी वायर असेल तर आता भिंत फोडताय तोवर बदलूनच टाका. आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) आहे का ते बघा, नसेल तर लाइटचे चोचले नंतर, आधी ते.

अजून एक राहिलं. सीओबी आणि स्ट्रिपमध्ये एलईडी सहसा जात नाही, जातो तो ड्रायव्हर (एलईडीला लागतो तसा करंट देणारा डबा), कारण पीओपीच्या आत गरम होऊन बसतो. त्यामुळे स्ट्रिपचा ड्रायव्हर हात पोचेल अशाच जागी ठेवायला सांगा, नाहीतर दोन वर्षांनी ड्रायव्हर बदलायला सीलिंग कापावं लागतं, मी कापलंय, आपल्यालाच वाईट वाटतं.

अर्धाकप_चहा

बाप रे, तारेवरची_कसरत दादा, एवढं सविस्तर! खूप आभार. बोट ठेवून विचारायची आयडिया भारीच, आज संध्याकाळी साइटवर तेच करणार.

दोन शंका. एक म्हणजे डिमर लावला तर? म्हणजे १४ राहू देत पण कमी करता येतील. आणि तो थ्री इन वन म्हणून एक सीओबी दाखवतोय, स्विच बंद-चालू केला की पिवळा, मग मधला, मग पांढरा असं होतं. त्याने सासूबाईंचा आणि नवऱ्याचा दोघांचा प्रश्न सुटेल ना?

खिडकीपाशी

थ्री इन वन मी लावलेत, आठ आहेत. पहिलं वर्ष मजा. मग कधीतरी लाइट जाऊन लगेच आले की त्यातले सहा पिवळे आणि दोन पांढरे, मग सगळे एका रंगावर आणायला स्विच खटखट खटखट करत बसायचं, माझा धाकटा तर त्याला ताळमेळ खेळणं म्हणतो. आणि तीन रंग असले तरी माणूस शेवटी एकच वापरतो. आम्ही मधला वापरतो, ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा पांढरा), तर मग सरळ तेच का नाही घेतले असं आता वाटतं.

तारेवरची_कसरत

ताई डिमर चालतो पण मग ड्रायव्हरही डिमेबल लागतो, साध्या एलईडीला पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर जोडला तर तो फडफडतो नाहीतर गुणगुणतो. त्यापेक्षा साधा गावठी उपाय, सगळे लाइट एका बटणावर घेऊ नका. दोन-दोनच्या जोड्या करा, बसायचा भाग वेगळा, डायनिंग वेगळं, दारापाशी वेगळा. बटणं थोडी वाढतील, पण हवे तेवढेच लागतील. आणि मुख्य दारातून आत आल्यावर एक आणि बेडरूमकडे जाताना एक असं टू-वे (एकाच लाइटला दोन बटणं) घ्या, म्हणजे रात्री लाइट बंद करून अंधारात ठेचकाळत जायला नको. ही वायर आत्ताच टाकावी लागते, नंतर होत नाही.

राईनकाठी

जरा वेगळ्या बाजूने लिहितो. मी आठ वर्षं जर्मनीत आहे, मूळ साताऱ्याचा. इथे भाड्याचं घर घेतलं की छताला नुसत्या वायरी लोंबत असतात, आधीचा भाडेकरू दिवे काढून घेऊन जातो. आम्ही आलो तेव्हा पहिले चार दिवस बाथरूमच्या उजेडात जेवलोय, खोटं नाही सांगत. मग गडबडीत दोन उभे दिवे आणले, एक सोफ्यामागे, एक कोपऱ्यात, आणि एक छोटा कपाटावर, म्हटलं छताचं नंतर बघू. ते नंतर अजून आलेलं नाही. इथे संध्याकाळी कुणाच्याही घरात बघा, छताचा मोठा दिवा क्वचित लागलेला असतो, खाली तीन-चार ठिकाणी छोटे दिवे असतात आणि प्रत्येकाच्या भोवती एक माणूस.

आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली काय रे हे, सुतकात असल्यासारखं घर. दुसऱ्या आठवड्यात त्याच सोफ्यामागच्या दिव्याखाली तिने स्वेटर विणला. गावाला जाताना म्हणाली असला एक मला सातारला पाठव, पांढरा बल्ब घालून.

सांगायचा मुद्दा, सगळा उजेड वरूनच आला पाहिजे असं काही नाही. वरून थेट डोक्यावर पडणाऱ्या सीओबीने डोळ्याखाली सावल्या पडतात, माणसं दमलेली दिसतात. तुम्ही सोफ्याच्या मागे, टीव्हीच्या बाजूला, कोपऱ्यात असे तीन-चार ५ अँपियरचे प्लग काढून ठेवा आणि त्यातल्या दोनांचं बटण वर, हाताच्या उंचीवर घ्या, म्हणजे वाकून वाकून लावावं लागत नाही. दिवा आज घ्या नाहीतर पाच वर्षांनी घ्या.

सदाशिव_पेठी_उपरा

उभा दिवा जर्मनीत ठीक आहे हो. इथे हॉल १० फूट रुंद, त्यात सोफा, टीपॉय, सासूबाईंची खुर्ची, मुलीची सायकल आणि तो दिवा, कुणीतरी आठवड्यात अडखळून पाडणार. भिंतीवर बसणारा घ्या, हात पुढे-मागे होणारा मिळतो. आणि खरेदी इंटिरियरवाल्याकडून करू नका, तपकीर गल्लीतल्या लाइटच्या दुकानांत अर्धा दिवस घालवा, तिथे लावून दाखवतात, हातात धरून बघा. पार्किंगचं मात्र मला विचारू नका.

आणि पिवळ्या उजेडाबद्दल माझं स्पष्ट मत, हे फॅड आहे. पिवळा उजेड म्हणजे जुन्या दवाखान्याची आठवण. पांढरी ट्यूब लावा, सगळं स्वच्छ दिसतं.

खिडकीपाशी

अहो फॅड कसलं, सत्तर-ऐंशी वर्षं घराघरात तो गोल बल्ब होता तो पिवळाच होता की, २७०० केल्विनच्या आसपास. पांढऱ्याची सवय आपल्याला ट्यूबने लावली. माझ्या आजीच्या घरी ट्यूब आली तेव्हा शेजारचे बघायला आले होते, पिवळा म्हणजे गरिबीचा उजेड आणि पांढरा म्हणजे सुधारणेचा असं तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता उलटं झालंय, पैसेवाल्यांकडे पिवळा.

डोळस_मावशी

अर्धाकप_चहा, तुझ्या सासूबाईंचं कुणीच मनावर घेत नाहीये म्हणून लिहिते. मी निवृत्त आहे, वय ६८, दोन्ही डोळ्यांचं झालंय. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो असं म्हणतात, आणि ते मी रोज अनुभवते. तुम्हाला जे छान मंद वाटतं ते आम्हाला अंधुक. पण गंमत अशी की उघडा झगझगीत दिवा समोर आला तर आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त त्रास होतो, मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला तर सगळा चकचकाट दिसतो. म्हणजे उजेड जास्त पाहिजे पण दिवा दिसायला नको.

त्यामुळे त्यांची ट्यूब द्याच. पण २० वॅटची बॅटन (एलईडीची ट्यूब), साधारण दोन हजार लुमेनची, ६५०० ची निळसर नाही तर ४००० ची, आणि त्यांची खुर्ची जिथे असेल तिथे त्यांच्या मागच्या बाजूने किंवा डावीकडून, समोरच्या भिंतीवर नको. अक्षर न दिसण्याचं कारण पिवळा रंग नसतो ग, उजेड कमी पडतो हे असतं, पोथीपाशी चांगला जोरदार पिवळा दिला तरी दिसतं. पण त्यांना पांढरा हवाय तर पांढरा द्या, या वयात वाद कशाला घालायचा.

आणखी एक, रात्री बाथरूमला जायच्या वाटेवर जमिनीलगत एक छोटा दिवा पाहिजे, पायाशी उजेड पडेल असा. आमच्याकडे झिरोचा बल्ब वर होता, त्याने छत दिसायचं, चप्पल दिसायची नाही. मी त्यात एकदा पडलेय. हे त्या इंटिरियरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये आहे का बघ.

अर्धाकप_चहा

मावशी, नाहीये. चौदा सीओबी आहेत आणि हा एक नाहीये. वाचून जरा खजील झाले, कारण मीही ट्यूब म्हणजे नुसता हट्ट समजत होते.

कंदीलवाला_कोकणी

सगळे मोठमोठं बोलतायत, मी बारीकसारीक सांगतो. बाल्कनीत आकाशकंदिलाचा पॉइंट वरती काढा आणि त्याचं बटण आत हॉलमध्ये. दरवर्षी दिवाळीत खिडकीतून एक्स्टेंशन ओढायची आणि खिडकी अर्धी उघडी ठेवून डास घ्यायचे, हे आम्ही नऊ वर्षं केलंय. तसाच गणपती जिथे बसतो तिथे एक प्लग, मखराच्या माळांना. देव्हाऱ्यापाशी पण एक पॉइंट, पण तिथे वरून फोकस मारू नका, समई लावली तरी कळत नाही लागलीय का नाही. छोटा पिवळा, बाजूने.

आणि इन्व्हर्टर घेणार असाल तर त्याची लाइन आत्ताच वेगळी काढा, त्यावर सासूबाईंची ट्यूब, एक पंखा, वायफाय. लाइट गेल्यावर सहा सीओबी लागून उपयोग काय.

लाल_टिकली

साडीचं दुकान आहे माझं म्हणून एकच सांगते, डब्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघून घ्या. ८० पेक्षा कमी असेल तर मोतिया रंग मळका दिसतो, वरण पण राखाडी दिसतं. ९० वाला थोडा महाग पडतो पण डायनिंगवर तरी तोच घ्या. आम्ही दुकानात सगळे बदलले आणि तेव्हापासून "घरी गेल्यावर रंग वेगळा दिसतो" म्हणून परत येणाऱ्या साड्या कमी झाल्या.

तारेवरची_कसरत

किचनबद्दल कुणी बोललं नाही, दार हॉललाच आहे म्हणून लिहितो. किचनमध्ये मध्यभागी कितीही मोठा पॅनल लावा, ओट्यापाशी उभं राहिलं की उजेड पाठीमागून येतो आणि आपलीच सावली चॉपिंग बोर्डवर पडते. वरच्या कपाटाखाली पुढच्या कडेला एक पट्टी लावा, ओट्यावर उजेड, डोळ्यात नाही. स्ट्रिप १२ व्होल्टची असेल तर पाच मीटरच्या पुढे एका बाजूने ओढू नका, शेवटचं टोक मंद पडतं. ओट्याला काही एवढी लागत नाही म्हणा, पण तो टीव्हीच्या भिंतीवर रेघा मारणार असेल तर त्याला सांगून ठेवा. टीव्हीच्या रेघा मी तरी काढून टाकल्या असत्या, बघताना नजर तिकडेच जाते. त्यापेक्षा टीव्हीच्या मागे लपवलेली मंद पट्टी बरी, डोळ्याला आराम पडतो.

मुलगी डाव्या हाताने लिहिते का उजव्या? उजव्या असेल तर टेबलवर डावीकडून उजेड यायला हवा. झुंबराऐवजी टेबलवर खाली सोडलेला एकच दिवा, टेबलापासून अडीच फूट वर, शेड असलेला, म्हणजे जेवणालाही चालतो, अभ्यासालाही.

आणि सोमवारच्या आधी एक करा. रिकाम्या घरात रात्री जा, साधा होल्डर, लांब वायर आणि दोन बल्ब घेऊन, एक ३००० चा एक ४००० चा. नवऱ्याला स्टुलावर उभं करा, बल्ब धरायला लावा, तुम्ही खाली खुर्ची टाकून पुस्तक घेऊन बसा, सासूबाईंना पण न्या. तासाभरात सगळं कळतं.

अर्धाकप_चहा

अपडेट देते, उत्सुकता असेल कुणाला तर.

काल रात्री गेलो चौघंही. नवरा स्टुलावर, हातात होल्डर, "अजून किती वेळ" असं दर दोन मिनिटांनी. आधी ३००० लावला, मला आवडला, मुलगी म्हणाली बाबा तुम्ही रेस्टॉरंटसारखे दिसताय, तो खूश. सासूबाई घरून पोथी घेऊनच आल्या होत्या. ३००० खाली वाचून बघितलं, म्हणाल्या दिसतंय की. मग ४००० लावला, म्हणाल्या हे जास्त बरं, पण ते पहिलंही वाईट नव्हतं. मावशी, तुम्ही म्हणालात तसंच, बल्ब जवळ आल्याबरोबर सगळं दिसायला लागलं.

आज इंटिरियरवाल्याबरोबर बसले. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं. चौथ्या ठिपक्याला तो म्हणाला "हा बॅलन्ससाठी आहे", त्यानंतर त्यानेच पेन्सिल हातात घेतली. आता असं ठरलंय: कडेने फक्त पट्टी, त्यात ७ वॅटचे सहा ३००० चे, दोन-दोनच्या तीन बटणांवर, पंख्यापासून साडेतीन फूट. कोव्ह रद्द (पाल_चुकचुकली, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला). सासूबाईंच्या खुर्चीमागे ४००० ची बॅटन. सोफ्याच्या बाजूला भिंतीवरचा दिवा, माझ्यासाठी. डायनिंगवर खाली येणारा एक, ९० सीआरआयचा. पॅसेजमध्ये पायाशी दिवा, दोन टू-वे, ओट्यावर पट्टी, बाल्कनीत कंदिलाचा पॉइंट. आरसीसीबी नव्हता, तो बसतोय.

टीव्हीच्या रेघा तीनाच्या एकावर आल्यात, तिथे नवरा हलला नाही. असू दे, त्याचं पण घर आहे.

फक्त एक विचारायचं राहिलं, तारेवरची_कसरत दादा, मुलगी डावखुरी आहे. मग तो डायनिंगचा दिवा टेबलच्या बरोबर मध्ये घेऊ का थोडा उजवीकडे सरकवून? ती एकाच जागी बसत नाही हा वेगळाच प्रश्न.

तारेवरची_कसरत

मध्येच घ्या ताई, पण वायर दोन फूट जास्त सोडायला सांगा आणि सीलिंगमध्ये एक हुक उजवीकडे जास्तीचा मारून ठेवा. नाही पटलं तर दिवा तिकडे अडकवायचा. हुक बसवताना स्लॅबमध्ये घ्या, पीओपीत नको.